सीटखालचा स्विच

“चालू करून दाव, मंग गाडी तुजी,” असं बाबा सगळ्यांसमोर बोललेले. आई होती, शेजारचे नाथाकाका होते, आणि माझा मोठा भाऊ नयन मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला होता. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला त्या गाडीची गरज होती.

गाडी म्हणजे बाबांची जुनी पिकअप. जमीन होती तेव्हा ते तिच्यातून भाजी आणि पेंढा कल्याणला न्यायचे. मग जमिनीवर टॉवर उभे राहिले, कौलारू घराच्या जागी ग्रॅनाइटचा बंगला आला आणि पिकअप मागच्या अंगणात आंब्याखाली जाऊन बसली. जमिनीचा व्यवहार झाला की मुलींनी हक्कसोडीवर सही करायची, ही आमच्यातली रीत. मीही माझा वाटा सोडला, एक पैठणी घेतली आणि सासरी परत गेले. पुढे सासरही सुटलं. नवऱ्याचा हात उठायचा, एवढंच सांगते. माहेरी आले तर बंगल्यात खोल्या सहा आणि माझी गादी देवघराबाहेरच्या पॅसेजमध्ये. नयनचं लग्न ठरत होतं ना, पाहुण्यांना खोल्या लागतात.

चार पैसे स्वतःचे असल्याशिवाय त्या घरात मला तोंड उघडता येणार नव्हतं. टिटवाळ्याला रुपालीताईंची नर्सरी आहे. तिथून कुंड्या, रोपं, मातीची पोती पार ठाण्यापर्यंतच्या सोसायट्यांमध्ये जातात, आणि टेम्पोवाले काही वेळेवर येत नाहीत. “कृतिका, तुझी गाडी असेल तर दसऱ्यापासून सगळं काम तुला,” असं त्यांनी मला सांगितलेलं. लायसन्स माझ्याकडे होतं. गाडी तेवढी नव्हती.

गाडी दुरुस्तीचं काम मला कसं येतं, ते आधीच सांगते, नाहीतर वाटेल थापा मारतेय. लग्नाआधी मी ठाण्याला नौपाड्यात गाड्यांच्या सामानाच्या दुकानात बिलं करायचे. काउंटरवरून दिवसभर वायरिंगवाल्यांचे हात बघायचे. गिऱ्हाईक नसलं की ते मला जोड मारायला द्यायचे. बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि बोटं कापून घेऊन शिकले.

आंब्याला ताडपत्री बांधली आणि साफसफाईपासून सुरुवात केली. सीटमागे कुजलेला पेंढा होता. डॅशबोर्डमागे उंदरांचं घरटं होतं, तेही कशाचं, तर नयनच्या वाढदिवसाच्या बॅनरचं. ‘भावी नगरसेवक’ एवढी अक्षरं उंदरांनी शिल्लक ठेवलेली. रबरी मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखाली थेट जमीन दिसली. सडलेला पत्रा ग्राइंडरने कापत गेले, कापत गेले, तर चांगला पत्रा लागेचना. शेवटी लागला. तिथपर्यंत तारेच्या ब्रशने घासलं, नवा पत्रा रिव्हेट मारून बसवला, वर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. मागच्या हौद्यालाही तेच केलं. गंजावर नुसती पुट्टी थापून रंग मारता येतो, बरेच जण मारतातही. पण ते विकायच्या गाडीला. मला ही चालवायची होती.

वायरिंगबद्दल तर बोलायलाच नको. वायर तुटली की बाबा टेप गुंडाळायचे, ती टेप सुटली की वरून दुसरी. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातलेली. इतक्या वर्षांत गाडी पेटली नाही हेच नवल. मी एकेक वायर बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी ओढली, बॉडीला अर्थिंग लागतं तिथला गंज खरवडून काढला. नवी बॅटरी माझ्या बांगडीतून आली. आणि उंदरांवर माझा काडीचा भरवसा नसल्यामुळे ड्रायव्हरच्या सीटखाली बॅटरी तोडायचा एक स्विच बसवला. तो बंद केला की अख्खी गाडी मेली. मग चावी फिरवा नाहीतर आरती ओवाळा. तो स्विच मी फक्त आईला दाखवला होता, कारण आंब्याखाली चहा घेऊन तेवढी तीच यायची.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात इंजिन चालू झालं. आवाज ऐकून बाबा चपला न घालताच धावत आले, बॉनेटवर हात फिरवला आणि बोलले, “माजी गाडी!” तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आरटीओतून पासिंग करून आणली त्या दिवशी नयनने पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं वर काढलं. गाडी किती वजन घेते, एवढंच त्याने विचारलं.

दसऱ्याला सकाळी मी गाडी पुढच्या अंगणात आणून धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. दुपारी पहिली फेरी न्यायला येते असं रुपालीताईंना कळवूनही झालेलं. गल्लीतले पाच-सहाजण जमले. आईने आत वाकून स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. बाबांनी नारळ फोडला. मग माझ्या हातातली चावी घेतली आणि बोलले, “नयन, बस गाडीन.”

मला वाटलं, लिंबं चिरडण्यापुरतं असेल. घरातल्या मुलाचा मान. पण नयन नाथाकाकांना सांगत होता, “उद्यापासून साइटवर लावतो. रॅबिट उचलायचा काँट्रॅक्ट भेटलाय, आपल्याच जमिनीवरच्या टॉवरचा.”

रॅबिट म्हणजे फुटक्या विटा, फरशा, सळ्या. माझा हौदा दोन पावसाळेसुद्धा टिकला नसता.

“बाबा, तुम्ही बोललेले, चालू केली तर माझी.”

“आगो, चेष्टेन बोललो मी,” बाबा हसले. “तू टेम्पो चालवनार? लोक काय बोलतील? आनि उद्या तुजा दुसरा लगीन केला, तर गाडी काय त्यांचे घरान जानार?”

आई ताटातल्या निरांजनाकडे बघत राहिली. आयत्या बिळावर नागोबा चढतो तसा नयन सीटवर चढला. गॉगल नीट केला, चावी फिरवली.

काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही. त्याने परत फिरवली, परत काही नाही. मला क्षणात कळलं की सीटखालचा स्विच बंद आहे. सकाळी तर मीच गाडी पुढे आणलेली. मग बंद कधी केला, ते काही आठवेना.

“वायरिंग जलली,” नयन बोलला.

नाथाकाकांना तेवढंच पाहिजे होतं. “बायांनी वायरी जोडल्यावर दुसरा काय व्हनार! आठवडा पन नाय टिकल्या.” सगळे फिदीफिदी हसले. नयन लाजेने लाल होऊन खाली उतरला आणि चावी माझ्या पायाशी टाकली. “घे गो, तुजी गाडी तुलाच ठेव. खटारा साला. मी भाड्याची बघतो.”

मी चावी उचलली. गाडी माझी झाली होती, तीही चार लोकांसमोर. मला फक्त गप्प राहायचं होतं. सगळे जेवायला घरात गेले असते, मी सीटखाली हात घातला असता आणि दुपारी टिटवाळ्याला पोचले असते. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

तेवढ्यात बाबा बोलले. रागाने नाही, अगदी सहज, नाथाकाकांकडे बघून. “हिचा सगला आसाच. सासरी पन काय धड केला नसंल, म्हनून तर परत आली.”

माझं डोकं फिरलं. मी दार उघडलं, सीटखाली हात घालून स्विच फिरवला, चावी लावली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. मी हेडलाइट लावले, इंडिकेटर लावले, वायपर फिरवले, हॉर्न दाबून धरला. एकूण एक चाललं. “बघा!” मी ओरडले. “बघा नीट! कोणाची वायरिंग जळली?”

नाथाकाका दोन पावलं मागे सरकले. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की विचारू नका. पण ते हॉर्नवरचा हात काढेपर्यंतच.

बाबांचा चेहरा खुलला. ते दाराशी आले. “झाली चालू! नयन, ये, बस. मुहूर्त टलेल.” त्यांनी मला खांद्याला धरून खाली उतरवलं, आणि प्रेमानेच उतरवलं. “हुशार हाय आमची बाय. तो बटन कुठं हाय तो दादूसला दाखवून ठेव.”

मी उतरले. सीटला चिकटून का नाही बसले, हे मी अजून स्वतःला विचारते. त्या घरात बाबांनी खांद्याला धरलं की उतरायचं असतं. वायरिंग शिकायच्या कितीतरी आधी मी हे शिकलेले.

लिंबं चिरडली. टाळ्या वाजल्या. नयन हॉर्न देत रस्त्याला लागला आणि लोक त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. अंगणात आई आणि मी राहिलो. तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाजात राग होता.

“काल रातीच बाप-लेकाचा ठरला होता,” ती बोलली. “म्हनून कुकू लावताना मीच बंद केलता तो बटन. तू जराशी गप का नाय राहिलीस गो?”

आई बाबांच्या मनाविरुद्ध गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्यांदा गेली ती माझ्यासाठी, आणि मी हॉर्न वाजवून ते फुकट घालवलं.