हापसा पुरुषांचा, पाणी कुणाचं?

आमच्या गावचा हापसा बिघडला तेव्हा तो दुरुस्त करू शकेल असं गावात एकच माणूस होतं, माझी जाऊ अझारा. तीन आठवडे शिकून आली होती, पान्यांची पेटीही मिळाली होती. पण हापसा समितीत सगळे पुरुष, आणि अध्यक्ष नापारी. तो म्हणाला, "लोखंडाचं काम बायकांचं नव्हे. तामाले शहरातून मिस्त्री येईल."

मिस्त्री आठ दिवसांनी येणार होता. तोवर डोक्यावर टोप घेऊन लांबच्या बंधाऱ्यावर आम्हीच जायचं, हे सगळे धरूनच चालले होते.

दुसऱ्या दिवशी सानातू म्हातारी गावप्रमुखांपुढे जाऊन बसली. त्यांच्या आईच्या वयाची, त्यामुळे तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"हापशाचं काम पुरुषांचं, खरं ना?"

"नापारी तसं म्हणतो."

"मग हापसा बंद पडल्यामुळे निघालेलं कामही हापशाचंच. आम्ही बायकांनी त्यात कशाला लुडबुड करायची?"

प्रमुखांना हसू आवरेना. त्यांनी तसाच निवाडा दिला.

लगेच नापारी आणि त्याची समिती टोप घेऊन निघाली. आम्ही कडुनिंबाखाली तेलासाठी शियाच्या झाडाच्या बिया निवडत बसलो. नापारी परतला तेव्हा टोपात तळाला चार ओंजळी पाणी, बाकीचं अंगावर. त्याची बायको फुसेना गोड आवाजात म्हणाली, "अहो, मान ताठ ठेवायची. सभेत ठेवता तशी."

तिसऱ्या दिवशी नापारी आमच्या दारात हजर. "वहिनी, जरा हापसा बघता का?"

"बघितला असता भावोजी," अझारा म्हणाली, "पण समितीत माझं नाव नाही. नियम मोडला तर तुम्हीच रागवाल."

दुपारपर्यंत नाव लागलं. अझाराने हट्ट धरला म्हणून फुसेनाचंही लागलं.

मग अझाराने पाइप वर ओढायला समितीलाच जुंपलं. "ओढा. थांबा. थांबा म्हटलं ना, भावोजी." वायसर झिजला होता, एवढंच. तो बदलला आणि पाणी आलं.

महिन्याभराने शेजारच्या गावचा अध्यक्ष मिस्त्री शोधत आला. नापारी ऐटीत म्हणाला, "आमच्या समितीची मिस्त्रीण आहे, बोलावतो." आणि आमच्याकडे आला.

अझारा जेवत होती. "पाहुण्यांना बसायला सांगा," ती म्हणाली आणि भेंडीच्या कालवणात सावकाश घास बुडवला. तिचं होईपर्यंत नापारी पान्यांची पेटी हातात धरून दारात उभा राहिला.