वलांडानं शे

आधीच सांगते, मी बहिरी नाही. मम्मीला ऐकू येत नाही म्हणून हे सगळं झालं, असं माझी लेक वर्षा गल्लीभर सांगत सुटली आहे. साफ खोटं. मला ऐकू आलं ते नीट ऐकू आलं, बोलणाऱ्याची भाषा तेवढी दुसरी निघाली.

वर्षाचं लग्न तोंडावर आलेलं. सासर इथलंच, सुरतेजवळच्या कामरेजचं, पण माणसं मूळची आमच्याच शिरपूरकडची, म्हणजे रुखवतात ज्वारीचे बिबडे पाहिजेतच. वर्षा म्हणे, "मम्मी, बिबडा कोण खाय छे? तैयार पापड लई आवीए." सुरतेत जन्मलेली पोर, तिच्या तोंडी गुजरातीच पहिली येते. मी म्हटलं, तुझ्या सासूच्या हाताला दुकानाचं पाकीट लागलं तर माझं नाक कुठे राहील?

ज्वारी भिजवली, दळली, सकाळी तीळ-लसूण घालून घाटा शिजवला आणि गच्चीवर गेले तर गच्चीला कुलूप. घरमालकाने वरची जागा मोबाइलच्या टॉवरला दिलेली. आम्हाला सांगायची त्याला काय गरज? एका खोलीच्या घरात खाट नाही, ओट्यावर ऊन नाही. गल्लीत थापावेत तर समोरच्या लूममधून धाग्यांचा भुरका उडतो, बिबड्यांना मिशा फुटतील. आणि घाटा काही माझ्यासाठी थांबत नाही. वेळेत थापून उन्हात पडला नाही तर आंबतो, मग रुखवतात ठेवा रिकामी परात.

गल्लीच्या मागे एक जुनी भिंत आहे. तिच्याआड मोठाले घुमट, झाडं, मोकळी जागा आणि ऊनच ऊन. मी इतकी वर्षं समजत होते, कुणा नवाबाची बाग असेल. लूमवर राबायला गावाहून आलेल्या माणसाला भिंतीआड बघायला फुरसत कुठे असते? घाट्याचं पातेलं डोक्यावर घेतलं, बिबडे थापायची ओली लुगडी वर्षाच्या खांद्यावर टाकली आणि निघाले. वर्षा कानाला फोन लावून नवरदेवाशी बोलत होती, तिला मी विहिरीत नेलं असतं तरी कळलं नसतं.

फाटकाशी चौकीदार भेटला, ठाकोरभाई. चहाला निघाला होता. मी विचारलं, "भाई, अंदर कैसे जाना?" तो जाता जाता म्हणाला, "आ तो वलंदानुं छे, बेन." आणि गेला.

आता तुम्हीच सांगा. आमच्या अहिराणीत 'वलांडानं शे' म्हणजे ओलांडायचं आहे. मी म्हटलं, किती भला माणूस, वाटसुद्धा सांगून गेला. आत शिरले तर खरंच वाटेत एक बुटका दगडी ओटा. तो वलांडला. पुढे दुसरा, तोही वलांडला. लुगडं सावरत, पातेलं सांभाळत मी असे किती ओटे वलांडले देव जाणे. शेवटी एक रुंद चौथरा सापडला, लुगडं पसरलं आणि बिबडे थापायला बसले.

ठाकोरभाई परत आला आणि दारातच थबकला. "बेन, कबर छे," तो म्हणाला. कबर हा शब्द मला सगळ्या भाषांत कळतो.

मी लुगडं उचललं, कपाळाला हात लावला आणि वर त्यालाच झापलं, "तूच सांगितलं ना, वलांडानं शे?" तो बिचारा गोंधळला. मग समजावून सांगायला लागला. वलंदा म्हणजे डच, दूरदेशचे गोरे. सुरतेचं कापड घ्यायला जहाजातून आले, त्यातले जे मेले ते इथेच राहिले. मी म्हटलं, कापडापायी आले आणि इथेच राहिले, मग ते आमच्यातलेच झाले की. ठाकोरभाई हसला, मी मात्र वलांडलेले ओटे मोजायला लागले. निजलेल्या माणसालाही आम्ही वलांडत नाही, आणि घरात लग्न असताना मी रांगेने मेलेले वलांडले होते. चुकून वलांडलंच, तर उलटं वलांडून परत यायचं, तेव्हा दोष जातो.

"मम्मी, लोको जुए छे," वर्षा म्हणाली. बघू दे. मी पदर खोचला आणि उलटी निघाले. कोणता वलांडला, कोणता नाही, आठवेना, म्हणून सरसकट सगळे घेतले. प्रत्येकाला म्हणत होते, माफ करा साहेब, पोरीचं लग्न आहे. ठाकोरभाई मागून बोट दाखवत होता, "आ रही गयुं, बेन, आ पण."

शेवटी एक अगदी लहान दगड आला, जेवायच्या पाटाएवढा. ठाकोरभाई म्हणाला, हा राहू द्या, लेकराचा आहे. वर्षाने वाकून पाहिलं. अक्षरं तिलाही येईनात, पण साल वाचता आलं. जन्म आणि मरण यांत दोन वर्षंही नव्हती.

मी बोलून गेले, "लेकराला तर मुळीच वलांडू नये, त्याची वाढ खुंटते." बोलले आणि मग मलाच कळलं, काय बोलले. तरी मी तो दगड उलटा वलांडला.

कुणी बाई नवऱ्याच्या धंद्यापायी जहाजात बसून इथवर आली असेल. लेकरू इथे ठेवून परत गेली असेल, तर कशी गेली असेल? माझी तर धडधाकट आहे, कामरेजला चालली आहे, रिक्षाने जाता येतं. तरी त्या दगडाशी मला रडू फुटलं. लग्न ठरल्यापासून दाबून ठेवलं होतं, ते सगळं आलं.

ठाकोरभाईने चौकीतली आपली खाट उन्हात आणून टाकली. वर्षाने फोन बंद केला, खाटेवर ओलं लुगडं पसरलं आणि चक्क अहिराणीत म्हणाली, "माय, घाटा थंडा व्हई ऱ्हायना. मी थापस." घाटा खरंच थंड होत चालला होता.

तिने आयुष्यातला पहिला बिबडा थापला. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटका. तो मी रुखवतात दिला नाही, घरी ठेवून घेतला.