शिसं लावलेली पिशवी

पुष्पलताने लेकीच्या खेळण्यांसाठी बारा खणांची पिशवी शिवली आणि ती बोईसरच्या खोलीत खिळ्याला टांगली, ही बातमी दांडीला मंजुळेकडे आणली तिच्या धाकट्या भावानेच. कमलाकांत बांधकामावर स्टोअरमध्ये चिकटल्यापासून बोईसरला राहत होता आणि महिन्याकाठी एकदा बहिणीकडे येऊन पोटभर मासे खाऊन जात होता. त्याच्या घरी मासळी आता रविवारीच शिजे, तीही खिडक्या लावून.

"बारा खण?" मंजुळा म्हणाली. "पोरीकडं खेळणी किती?"

"बाहुली हाय एक. मुंबईची. आडवी केली की डोळे मिटते."

"मग बाकीच्या अकरा खणांत काय, तुज्या बायकोचा शाणपणा ठेवायचा? त्याला तर एक खणबी मोठाच होईल."

कमलाकांत हसला, मग काटा काढण्याच्या निमित्ताने मान खाली घालून म्हणाला, "परदेशी मडमांच्या पोरांकडं असते म्हणे तशी पिशवी. पुस्तकात चित्र बघून शिवली तिनं. येत्या रविवारी हंसाचा वाढदिवस, तेव्हा सगळ्यांना दाखवणार. तू ये." आणि पाणी पिऊन, "ताय, या उन्हाळ्यात हंसा येणार नाय इकडं. तिची आई नको म्हणते. पोरीच्या डोक्यात उवा होतात, कपड्यांना वास लागतो, परत आली की आमी-तुमी बोलते."

मंजुळेने त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. तिला मूलबाळ नव्हतं. बारशाला आत्या म्हणून तिनेच मुलीच्या कानात 'हंसा' म्हटलं होतं. पुष्पलता तिला 'बेबी' म्हणे. दर उन्हाळ्यात दीड महिना ही पोरगी दांडीच्या वाळूत लोळायची, आणि वर्षाचे बाकीचे साडेदहा महिने मंजुळा त्या दीडवर काढायची.

मागच्या खेपेला हंसाने बिस्किटाच्या डब्यात भरून शिंपले नेले होते, करवंट्यांची भातुकली नेली होती, सुकलेला खेकड्याचा नांगा आणि मंजुळेच्या नवऱ्याने, जिवल्याने, कोरलेली बोटभर होडी नेली होती. वास येतो म्हणून पुष्पलताने सगळं डब्यासकट उकिरड्यावर टाकलं. वास! घिवलीच्या पुंडलिकाची ही लेक. बाप खाडीत पाग फेकायचा, आणि ते फेकायचं जाळं ओलंकच्च खांद्यावर टाकून घरी आणायची ही. दहा वर्षांची होईतो हिच्या पोलक्याला दुसरा वासच ठाऊक नव्हता. आता बोईसरला दोन खोल्यांत राहिली, 'आम्ही'तला 'ह' सापडला, आणि नाक आलं.

मंजुळेने जुन्या शिडाचं कापड काढलं. दोन्ही हात पसरले तर मावेल एवढा गोल कापला. तिच्या हातमशीनची सुई त्या कापडात दोनदा मोडली, तेव्हा तिने मशीन बाजूला सारलं आणि दाभण घेतला. आतून आपल्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. कडेने पितळी कड्या, कड्यांतून जाळ्याची दोरी. दोरी सोडली की पिशवीची चटई व्हावी, पोरीने खेळणी मांडून तिच्यावरच बसून खेळावं. दोरी ओढली की सगळं पसाऱ्यासकट आत. म्हणजे बोईसरहून दांडी आणि दांडीहून बोईसर, खांद्यावर टाकलं की निघालं. मडमांच्या पुस्तकात हे होतं की नाही, तिला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं.

पण उघडून जमिनीवर टाकली की पिशवीची कड गोळा व्हायची, पडायची वाकडी. मंजुळेने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि उठून वळचणीचा जुना पाग खाली ओढला.

"पाग उसवतेस?" जिवल्या म्हणाला.

"फाटकाच हुता. ठेवलाय उगाच, तुला ठेवलाय तसा."

पागाच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या तिने एकेक काढल्या आणि पिशवीच्या दुमडीत शिवल्या. आता पिशवी कशीही टाका, ताटासारखी सपाट बसे. जिवल्याने नवी होडी कोरली, भातुकलीला करवंट्या घासून दिल्या. तिने चिंध्यांची कोळीण केली, डोक्यावर टोपलीसकट. शिंपले मात्र रिठ्याने तीनदा धुतले, आणि धुताना स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

रविवारी बोईसरच्या खोलीत शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या चार खुर्च्या होत्या. एकीवर कमलाकांतच्या सुपरवायझरच्या बाई, शेजारी त्यांचा बुशकोटातला मुलगा. बाकीच्या शेजारणी सतरंजीवर. मंजुळेला उंबऱ्याजवळ जागा मिळाली, तिथे वारा चांगला लागतो असं पुष्पलताने सांगितलं.

भिंतीवर ती पिशवी. गुलाबी साटीन, झालर आणि बारा खण. प्रत्येक खणावर भरतकामाचा एकेक प्राणी. बदकाला चार पाय होते. हत्ती सोंडेवरून ओळखू यावा तर सोंड शिलाईत गेली होती. खण असे चिंचोळे की बाहुली कमरेपर्यंत शिरून अडकली होती आणि उभी असल्यामुळे टक्क डोळे उघडून सगळ्यांकडे बघत होती. खिळा हंसाच्या हाताला पोचणार नाही एवढा उंच. हात पोचला तर साटीन मळणार.

"किती नाजूक काम," सुपरवायझरच्या बाई म्हणाल्या.

"वेळ मिळतो कुठे हो," पुष्पलता म्हणाली.

ते खरंच असावं, मंजुळेला वाटलं. वेळ मिळाला असता तर बदकाचे दोन पाय उसवता आले असते.

बाईंनी आणलेल्या खोक्यावरच्या फितीची गाठ सुटेना. "वन्सं," पुष्पलता मागे न बघताच म्हणाली, "तुमच्याकडे असेलच कात्री." मंजुळेच्या कनवटीला बारकी कात्री सदाच असे. तिने फीत कापली, कात्री पुन्हा खोचली. खोक्यात टॉवेल निघाले.

मग हंसा आत्याजवळ आली. "आते, मला काय?"

मंजुळेने पिशवी तिच्या हातात दिली. हंसाने दोरी सोडली, आणि शिंपले, करवंट्या, होडी, कोळीण सगळी चटईवर पसरली. खोलीतली पोरं गोळा झाली. बुशकोटवालाही खुर्चीवरून घसरत घसरत खाली आला आणि त्याने होडी आपल्याकडे ओढली.

"ठेव," हंसा म्हणाली.

तो ठेवेना. तेव्हा हंसाने बाकीची खेळणी बाजूला केली, कड दोन्ही हातांत धरली, कमरेतून गिरकी घेतली आणि जिवल्याकाकाला वाळूवर बघितलं होतं तशी पिशवी फेकली. बुशकोट होडीसकट आत गेला. एक गोळी चिवड्याच्या बशीवर बसली आणि बशीचे दोन तुकडे झाले.

शिडाच्या कापडाखालून आवाज आला, "परत टाक."

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

पुष्पलता उठली. कानापर्यंत लाल झाली होती. तिने पिशवी मुलावरून उपसली. "हे असलं काहीतरी घेऊन यायचं," ती म्हणत होती, "चार माणसांत, शिसं लावलेलं, काही समजतं की नाही..." आणि तोंड हे बोलत असताना तिच्या हातांनी आपलं काम सुरू केलं होतं. दोरीची वेटोळी डाव्या मनगटावर गेली. एक झटका देऊन गुंतलेल्या गोळ्या तिने मोकळ्या केल्या. एक घडी कोपरावर, दुसरी खांद्यावर, उरलेली कड उजव्या मुठीत. घिवलीच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभी असल्यासारखी ती खोलीच्या मध्ये उभी राहिली, पाय फाकवून, आणि बोलता बोलता थांबली.

"तुम्हाला येतं हे?" बाईंनी विचारलं.

मंजुळेच्या जिभेवर वाक्य तयार होतं. आठ दिवस पाणी देऊन धार लावलेलं. पुंडलिकाचं नाव त्यात होतं, ओल्या पोलक्याचं होतं. तिने पुष्पलताच्या हातांकडे पाहिलं. पिशवी शिवण्यात ही बाई ठार अडाणी होती. पण पाग असा तर जिवल्यालासुद्धा धरता येत नव्हता. मंजुळेने ते वाक्य गिळलं, आणि ते काही सुखाने उतरलं नाही.

"वडील टाकायचे," पुष्पलता म्हणाली. कोणाकडे न बघता तिने पिशवी खांद्यावरून उतरवली.

"आई, मला पन शिकव," हंसा म्हणाली. 'पण' म्हण, असं कोणी म्हटलं नाही.

चहा झाला, बाई गेल्या. मुलगा जाताना रडला, त्याला अजून एकदा पकडून घ्यायचं होतं. हंसाने सगळी खेळणी पिशवीत लोटली, दोरी ओढली आणि पिशवी पोटाशी धरून बसली. सोडायला तयार नव्हती.

पुष्पलता बशीचे तुकडे वेचत होती. "शिसं काढायला हवं यातलं," ती म्हणाली. "कोणाच्या डोळ्याला लागेल."

"काढीन."

"इथं कशी काढणार. तुमच्याकडं आता कात्री काय नसंल."

मंजुळेच्या कनवटीला कात्रीचं टोक टोचत होतं.

"नाय," ती म्हणाली. "कात्री घरी हाय."

"मग दांडीलाच न्यावी लागंल पिशवी." पुष्पलताने तुकडे पदरात घेतले. "आन ही पोर काय ती सोडायची नाय. शाळेला सुट्टी पडली की न्या दोघींना. डोकं तेवढं विंचरत जा तिचं."

"आमच्याकडं फणी हाय," मंजुळा म्हणाली.