समोरून पाहिलेला धडा

रविवारी सकाळी सायकल क्लबची चाळीस माणसं मैदानावर जमत. त्यांच्या घरच्या बायका त्यांच्याही आधी येत, चहाची भांडी घेऊन. बायकांनी चहा करायचा, कप विसळायचे आणि सायकलला हात लावायचा तो पुसण्यापुरता. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान खोडता तरी आला असता.

क्लबचे मास्तर पेशाने सायकल दुरुस्त करणारे. दर मेळाव्यात अर्धा तास ते सायकल नीट कशी चालवावी ते शिकवत. मैदानाच्या मधोमध सायकलवर बसून आधी बजावत, "सगळे माझ्या मागे उभे राहा. समोरून बघाल तर डाव्याचं उजवं होईल आणि सगळं उलटं शिकाल." मग उताराचा धडा. आधी डाव्या हाताचा, म्हणजे मागचा ब्रेक. उजव्या हाताचा पुढचा, तो नंतर आणि हळूच. नाहीतर सायकल माणसाला डोक्यावरून फेकते.

मास्तरांचा मुलगा मागच्या रांगेत असायचा. सून समोर, चाळीस पावलांवर, चहाच्या टेबलाशी. स्टोव्हच्या आवाजात तिला शब्द ऐकू येत नसत, हात तेवढे दिसत.

ती शिवणकारखान्यात कामाला होती. सव्वा तासाची चाल. महिन्यात तीनदा उशीर झाला होता. चौथ्यांदा झाला तर घरीच बस, असं मुकादमाने सांगितलं होतं. एका सकाळी मास्तरांपुढे चहा ठेवत ती म्हणाली, "मामंजी, मला शिकवाल का? तोल येतो मला. माहेरी भावाची सायकल चालवायचे, तिला ब्रेकच नव्हते."

"मग दात शाबूत कसे राहिले गं?" मास्तर हसले.

"पाय घासून थांबवायचे."

सासूबाई आतून म्हणाल्या, "लग्न झालेली बाई सायकलवर? चार लोक काय म्हणतील? लवकर उठ आणि चालत जा."

मास्तरांना सुनेचं पटत होतं. पण रविवारी चाळीस जणांना तोंड दाखवायचं होतं. "बघू पुढे," ते म्हणाले. या 'बघू पुढे'चा अर्थ घरोघरच्या बायकांना चांगला ठाऊक आहे.

त्या रविवारपासून ती टेबलाची कड मुठीत धरून मास्तरांचे हात पाहू लागली. मास्तरांनी जो हात आवळला त्याच्या बरोब्बर समोर येणारा आपला हात ती आवळायची. शेजारी नऊ वर्षांची लेक कप मांडता मांडता आईसारख्याच मुठी करायची.

एक दिवस नळाला पाणी उशिरा आलं आणि निघायला उशीर झाला. मास्तरांची जुनी सायकल दाराशी होती. तिने ती घेतली. कारखान्याच्या अलीकडे मोठा उतार आहे. तिथे तिने पाहिलं होतं तसंच केलं.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. मास्तर खाटेशी बसून होते.

"मामंजी, मी चुकले नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही करता तसंच केलं. आधी हा हात." तिने उजवा हात उचलला.

मास्तर तो हात धरून लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुढच्या रविवारी क्लबने दोन मिनिटं शांतता पाळली. "बाईमाणसाने नको ते करायला गेलं की असं होतं," कोणीतरी पुटपुटलं. मग चहा झाला. टेबलाशी आता आजीबरोबर नात उभी होती. मास्तर सायकलवर बसले आणि समोर त्यांना तिच्या मुठी दिसल्या. ते उतरले, सायकल वळवली आणि टेबलाकडे पाठ करून बसले.

"मास्तर, आम्हाला उलटं दिसतंय," एक सभासद म्हणाला.

"मग तिकडे या. चहाच्या टेबलाशी उभे राहा."

कोणी हललं नाही. मास्तरांनी अर्धा तास शिकवलं, स्टोव्हच्या वरून जाईल अशा आवाजात. मग मागे वळून पाहिलं, तर टेबलाशी आजी एकटीच.

"पोरगी कुठे गेली?"

"कप धुवायला धाडली. नुसती हात हलवत बसली होती, आईवर गेलीय."

मास्तर सायकल हातात धरून नळाकडे निघाले.

"अहो," आजी हळू आवाजात म्हणाली, "चार लोक बघताहेत."

मास्तर थांबले.