हौशी माणसासाठी जीप

बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण घरातलं एक गणित काही त्यांना सुटेना. खाली गॅरेजमध्ये जीप, वर झोपायची खोली आणि मधल्या सतरा पायऱ्या चढायला गुडघे तयार नाहीत. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला. म्हणजे गॅरेजची खोली करायला हवी. म्हणजे जीप जायला हवी.

जीप त्यांच्या यजमानांची. एकोणीस वर्षांपूर्वी "या उन्हाळ्यात हिला उभी करतो" म्हणून त्यांनी ती ओढून आणली होती. पाणीपुरवठा खात्यातला हा कारकून संध्याकाळी गॅरेजमध्ये शिरला की जेवायलाच बाहेर यायचा. निवृत्तीनंतर तर जेवायलाही चार हाका माराव्या लागत. गल्लीत त्यांना मेकॅनिक म्हणायचे, आणि त्यातली थट्टा कळत नसलेले ते एकटेच होते. इंजिनाची ताकद म्हणे चारही चाकांना मिळायची, पण एकाही चाकात हवा नव्हती. पत्र्याला गंज होता असंही म्हणवत नव्हतं. गंजच होता, त्यात मधूनमधून पत्रा दिसायचा.

जाहिरात बाईंनीच लिहिली. 'जुनी फोर-व्हील जीप विकणे आहे. गाडी पुन्हा उभी करण्याची हौस असलेल्या माणसासाठी.'

पहिल्याने वाकून गाडीखाली पाहिलं आणि चहा न घेताच निघाला. दुसऱ्याने किलोचा भाव विचारला. मेकॅनिक त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसरे आले ते दातांचे डॉक्टर, निवृत्त, सोबत बायको. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हरने दारावर टकटक केली, चासीत दोन ठिकाणी टोचलं, "कीड खोल गेलीय," म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. मेकॅनिकनी सुट्या भागांचे डबे उघडले. बघता बघता दोघेही बोनेटखाली कमरेपर्यंत गडप झाले.

डॉक्टरांच्या बायकोने बाईंना बाजूला घेतलं. "खरं सांगा हं. हिला पूर्ण व्हायला किती दिवस लागतील?"

बाईंनी उत्तर घोकून ठेवलं होतं, सहा महिने. एवढं म्हटलं की खोली झालीच. पूर्वेला खिडकी, भिंतीशी पलंग. पण समोरची बाई फार दमलेली दिसत होती, आणि फळ्यावर चुकीचं उत्तर लिहायला बाईंचा हात आजवर कधी वळला नव्हता.

"यांनी एकोणीस वर्षं केलं," त्या म्हणाल्या. "आणली तेव्हा होती, त्यापेक्षा आता थोडी कमीच आहे."

झालं, हातातोंडाशी आलेला घास गेला. बाईंनी मनातल्या मनात पलंग परत वर नेला.

"एकोणीस?" त्या बाईने सुटकेचा श्वास सोडला. "अहो, दवाखाना बंद केल्यापासून हे दिवसभर माझ्या मागे मागे. मीठ किती घातलंस, नळ का सोडलास. मला लवकर संपणारं काही नकोच होतं. आम्ही नेतो."

गुरुवारी जीप ट्रकवर चढली. मेकॅनिकनी तिला हात केला, मग आत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काय करतेयस?"

"भांडी लावतेय."

"अशी का लावतेस?"

शुक्रवारी आणि शनिवारी हेच. मधूनच ते रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन उभे राहायचे आणि खाली मान घालून परत यायचे. बाईंना वाईट वाटलं. आपल्याला इतकं वाईट वाटतंय याचा त्यांना रागही आला.

सोमवारी गवंडी येणार होता. दहा दिवसांत फरशी, खिडकी, रंग, सगळं करून देतो म्हणाला होता. रविवारी दुपारी मेकॅनिक मोजपट्टी घेऊन गॅरेजमधून आले. कोपरापर्यंत धूळ, कानावर पेन्सिल.

"अगं, गवंडी कशाला? मापं घेतलीत मी. फरशी मीच बसवतो, खिडकीही. घरच्या कामाला परक्याचा हात कशाला लावायचा?"

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण गुरुवारपासून पहिल्यांदाच हा माणूस ताठ उभा होता.

"करा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फोन करून गवंड्याला येऊ नका म्हणून सांगितलं आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चढत, आडवं व्हायला वर गेल्या.