पुसून टाकलेलं वर्ष

ब्लॉगची साइट महिनाअखेरीस कायमची बंद होतेय, अशी मेल आली तेव्हा माझ्या हातात एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी होती. मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही मेणात दात बसवतो, घासूनपुसून चकाचक करून परत पाठवतो. लोक आमच्या जिवावर हसतात आणि आमचं नावही त्यांना ठाऊक नसतं.

सोळा वर्षं हे काम आटपून संध्याकाळी मी ब्लॉग लिहीत आले. विषय ठरलेला, श्रद्धा आणि आपलं रोजचं वागणं. प्रार्थना करताना डोळे का मिटतात, शपथ घेताना माणूस आवाज का चढवतो, आजाऱ्याला भेटायला गेलेले लोक इतकं खोटं का बोलतात, असलं काहीबाही. वाचक बोटांवर मोजण्याइतके. त्यातली एक माझी धाकटी नणंद. साठीला टेकली तरी घरात ती चिमीच. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं तिचं, पण बोलण्याची हौस काही फिटली नाही.

दुसरा वाचक म्हणजे ‘खडा’. हे त्यानं स्वतःच घेतलेलं टोपणनाव. बारा वर्षं प्रत्येक लेखाखाली त्याची प्रतिक्रिया असायचीच. मी लिहावं, प्रार्थनेनं मन हलकं होतं, की हा हजर: ‘बाई, मन हलकं होतं की नुसते गुडघे दुखतात?’ मी चिडायचे, दुसऱ्या दिवशी कवळी घासता घासता उत्तर जुळवायचे. खरं सांगते, माझे बरेचसे चांगले लेख त्याला गप्प करायच्या नादात लिहिले गेले. तो कसला गप्प बसतोय!

मेलचं कळताच चिमी तरातरा माझ्या खोलीत आली.

“वहिनी, ऊठ. सगळं उतरवून घेऊ. सोळा वर्षं म्हणजे काय खायचं काम आहे?”

चार दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. एकेक लेख उघडायचा, वाचायचा, साठवायचा. काय मजा आली! पहिल्या वर्षीची मी इतकी शहाणी, की माझी मलाच लाज वाटली. जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जणू माझ्या पदराला बांधलेलं. चिमी मोठ्यानं वाचायची आणि दोघी पोट धरून हसायचो. मग ती एकदम थांबली.

“अगं, सहाव्या वर्षानंतर थेट आठवं? मधलं कुठे गेलं?”

ते वर्ष मीच पुसलं होतं. त्या वर्षी तिचा भाऊ, माझा नवरा, गेला. जिना चढताना दम लागला म्हणून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर मी लिहिलेले एकवीस लेख म्हणजे देवाशी उभं भांडण होतं. मी हाक मारते तेव्हा पलीकडे फोन बाजूला काढून ठेवलेला असतो, असं काय काय लिहिलं होतं. वर्षभरानं मन थोडं थाऱ्यावर आलं आणि मग मला भीती वाटायला लागली. श्रद्धेवर लिहिणारी बाई आणि हे असं? लोक काय म्हणतील? एका दुपारी एकवीसच्या एकवीस पुसून टाकले. प्रतसुद्धा ठेवली नाही.

“दादावरचं सगळं?” चिमीनं विचारलं. “मला पुन्हा वाचायचं होतं गं ते.”

मग तीच एकदम टेबलावर थाप मारून म्हणाली, “खड्याला विचार!”

“त्याला काय विचारू?”

“बारा वर्षं जो तुझा शब्दन् शब्द चावून बघतोय, त्याच्याकडे नसलं तर कुणाकडेच नसणार.”

शेवटच्या लेखाखाली मी प्रश्न टाकला. दहा मिनिटांत उत्तर: ‘आहेत. सगळे. उद्या सकाळी अकराला या.’ आणि पत्ता. आमच्याच शहरातला! घरापासून बसचे पाच थांबे!

सकाळी मी तीनदा कपडे बदलले. चिमीनं भक्कम दांड्याची छत्री घेतली. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

“माणूस विचित्र निघाला तर?” ती म्हणाली.

पत्त्यावर पोचलो आणि दोघी दारातच थबकलो. ते प्रार्थनागृह होतं.

“बनवलं आपल्याला,” चिमी कुजबुजली. “देवाच्या नावानं बोटं मोडणारा माणूस इथं कशाला येईल?”

आत एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा बाकं पुसत होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आम्हाला पाहून त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

“बाई, फोटोपेक्षा ठेंगण्या आहात तुम्ही.”

“तुम्ही... खडा?”

“मीच तो. एकतीस वर्षं इथला रखवालदार. दार उघडतो, झाडतो, बंद करतो.”

“मग ते सगळे प्रश्न?”

“माझेच. विश्वास कधी असतो, कधी नसतो. पण इथं कुणाला विचारू? म्हणतील, याच्याकडच्या किल्ल्या आधी काढून घ्या. म्हणून तुम्हाला विचारत होतो.”

बारा वर्षं मला वाटत होतं, हा खोड्या काढतोय. आणि हा खरोखर विचारत होता!

त्यानं कपाट उघडून एक जाडजूड फाइल काढली. पडद्यावर वाचताना डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून तो माझे लेख छापून घ्यायचा. पुसलेल्या वर्षातले एकवीसही लेख त्यात होते, प्रत्येकाच्या सात-आठ प्रती.

“एवढ्या कशाला?” मी विचारलं.

तो थोडा ओशाळला. “शेवटच्या बाकावर कुणीकुणी येऊन बसतं. तासन् तास उठत नाही. त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. मग शेजारी तुमचा एक कागद ठेवतो आणि झाडायला निघून जातो. काही जण सोबत घेऊन जातात. एक बाई तर परत आली, म्हणाली, पुढचा आहे का? तुमची परवानगी घेतली नाही. रागवायचं तर रागवा.”

“पण हेच का? माझे इतर लेख काय वाईट आहेत?”

“वाईट कशाला असतील? पण त्यांत तुम्हाला सगळं माहीत असतं,” तो म्हणाला. “ज्याचं माणूस गेलंय, त्याला ते सोसत नाही.”

जे मी लाजेनं पुसलं, ते नऊ वर्षं माझ्या नकळत माणसांच्या हातात फिरत होतं. तिकडे चिमी बाकावर बसून एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होती.

“वहिनी, दादा चष्मा फ्रीजमध्ये ठेवायचा, हेसुद्धा लिहिलंयस तू!”

आठवड्याभरात आम्ही नवा ब्लॉग उघडला. एकवीस लेख सगळ्यात आधी चढवले, एक शब्द न बदलता. मग रखवालदारानं आग्रह धरला, एक इथं वाचा, शेवटच्या बाकावरच्यांसाठी. चौघांसमोर बोलायची मला सवय नाही, पण गेले. चौदा जण आले होते. मी जिन्याच्या पायरीवरचा लेख वाचला. मग एका तरुण मुलीनं विचारलं, “आता बोलता का देवाशी?”

“बोलते,” मी म्हटलं. “पण आधी भांडून घेते.”

सगळे खळखळून हसले, आणि बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. एक जाडजूड शिंपी उभा राहिला. बायको गेल्यापासून दोन वर्षं तो तिच्याच मापाचे कपडे शिवत होता, हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. चिमीनं झटकन वही काढली. “भाऊ, सावकाश बोला. नाही तर असं करा, तुम्हीच लिहून आणा.”

त्यानं खरंच लिहून आणलं. नव्या ब्लॉगवरचा पहिला नवा लेख त्याचा आहे. त्यात शुद्धलेखनाच्या तेरा चुका आहेत. मी एकीलाही हात लावलेला नाही. काय लिहिलंय त्या माणसानं, अहो, वाचाच!