भोईवाड्याच्या बसथांब्याचा तळतळाट

मी एक जुना बसथांबा आहे. भोईवाड्यातला, चाळीसमोरचा. मित्रांनो, गोडगोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर उठा. आज माझं डोकं फिरलंय. समोर कटरवाला उभा आहे आणि त्यानं मला कापायच्या आधी मला चार शब्द सुनावायचेत.

मला इथे रोवलं तेव्हा गिरण्या चालू होत्या. लोखंडी खांब, डोक्यावर पत्रा, खाली बाकडं, एवढाच माझा संसार. पाळीला जाणारे कामगार माझ्या सावलीत तंबाखू मळायचे. दसऱ्याला मला झेंडूचं तोरण असायचं! पुढे गिरण्या गेल्या, तोरणही गेलं. मग माझ्या अंगावर 'खोली भाड्याने देणे'चे कागद चिकटले, पुढाऱ्यांचे वाढदिवस टांगले गेले, आणि पानाच्या पिंका तर विचारूच नका. तेही मी गिळलं. कारण चाळीतली मालनताई दिवसाआड माझ्या बाकड्यावर येऊन टेकायची. दोन्ही किडन्या निकामी, गुडघे धरलेले. इथून बस पकडली की थेट डायलिसिसच्या हॉस्पिटलच्या दारात. एकटी जायची, एकटी यायची. कुणाला 'चल' म्हणावं लागत नाही, याचा तिला केवढा तोरा!

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, दादरला मोठं केंद्र बांधायचं. बस, रेल्वे, मेट्रो, सगळं एका छपराखाली. बांधा की, मी कुठे नको म्हणतो? पण त्यासाठी गल्लीतल्या बस बंद करून हमरस्त्यानंच तिकडे न्यायचं घाटत होतं. कुठला थांबा ठेवायचा ते ठरवायला, माणसं मोजायला अभय नावाचे साहेब आले. आले ते ऐन शिमग्यात! अर्धी चाळ पालखी नाचवायला कोकणात गेलेली.

मालनताई त्यांना म्हणाली, "अरे बाबा, सगळे शिमग्याक गेलेत. ते आले की ये, तुला उभं राहायला जागा नाय मिळायची."

"मावशी, होळीची सुट्टी एकच दिवस असते," साहेब म्हणाले, मोबाइलवर आकडा टाकला आणि चालते झाले.

त्या आकड्यावरून मी बंदच्या यादीत गेलो, त्याचा साहेबांवर राग आहेच. पण खरा राग आपल्या माणसांवर. सगळे गावाहून परतल्यावर लोकांच्या हरकती ऐकायला समोरच्या मंडळाच्या ऑफिसात सभा भरली. भोंगा बाहेर लावलेला, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. मंडळाचे अध्यक्ष नाना उठले. वाटलं, आता माझ्यासाठी भांडतील.

नाना गरजले, "आमची एकच मागणी! त्या केंद्राला नाव आमच्या भोईवाड्यातल्या माणसाचं पाहिजे!"

झालं! या चाळीनं एक नाव काढलं, पलीकडच्या चाळीनं दुसरं. खुर्च्या आपटल्या, एकमेकांचे आईबाप काढले. मध्येच मालनताई ओरडत होती, "अरे, थांब्याचं बोला रे मेल्यांनो!"

"वहिनी, नावाचं झालं की तुमचं घेतो," नाना म्हणाले. ते काही घेतलं नाही. थांब्याबद्दल कुणाची हरकत नाही असं हरकती ऐकायला आलेल्या अभय साहेबांनी जाहीर केलं, तेव्हाही नावाचंच भांडण चाललं होतं. थू!

आणि आज हेच नाना हार-नारळ घेऊन आलेत. माझा निरोप समारंभ म्हणे! फोटोसाठी तुम्हा पोरांना रांगेत उभं केलंय. एवढ्यात मालनताई आली, हॉस्पिटलची पिशवी काखेत. गल्लीतली बस बंद, म्हणून हमरस्त्याला निघाली होती; गुडघ्यांनी चालवेना, अर्ध्यातून परत फिरली. धापा टाकत माझ्या बाकड्यावर बसली.

"नाना, नाव ठरलं काय रे?"

"नाय अजून, वहिनी. दोन्ही नावं अडकलीत."

"मग तोवर मला उचलून ने बसपर्यंत. आज नेशील रे. परवा कोण नेणार?"

नाना हाराच्या गाठी सोडवू लागले. मालनताई उठली आणि घराकडे चालू लागली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात घाला. पण तो हार माझ्या गळ्यात घालायची कुणी हिंमत करू नका. मालनताई अजून दारापर्यंत पोचली नसेल. तिला आधी हॉस्पिटलात न्या. माझ्या तोंडाकडे काय बघताय? जा!